अस्वल डावीकडून गेलं

डॉक्टरबाईंनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला, हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, "काका, एक घड्याळ काढा बरं. सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

मला हसूच आलं. अडतीस वर्षं मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. लोकांच्या घरांचे, जिन्यांचे, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढण्यात माझा जन्म गेला. मी वर्तुळ हातानेच काढलं, आकडे घातले, काटे काढले आणि कागद परत देऊन शाबासकीची वाट बघत बसलो.

डॉक्टरबाईंनी तो कागद माझ्या बायकोला दाखवला. सुलभाने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा आधीच स्वच्छ होता.

"काकांनी बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात बसवलेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डावी बाजू पूर्ण कोरी आहे. याला हेमिस्पेशियल निग्लेक्ट म्हणतात. डोळे उत्तम आहेत. डावीकडचं डोळ्यांना दिसतं, पण मेंदू त्याची दखलच घेत नाही. काकांच्या दृष्टीने जगाला सध्या डावी बाजू नाही."

लांबच्या नातेवाइकाच्या लग्नात आपण जशी मान डोलावतो, तशी मी डोलावली. मनात म्हटलं, बाई तरुण आहेत, ड्रॉइंगमधलं त्यांना काय कळणार.

हे लिहितोय ते तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं तर उपयोगी पडावं म्हणून. या आजारातली सगळ्यात अवघड गोष्ट अशी की, ज्याला तो होतो त्याला तो झालेला नसतो. बाकी सगळ्यांना झालेला असतो. त्यालाही डॉक्टरांकडे शब्द आहे, अॅनोसॉग्नोसिया. म्हणजे आपल्याला आजार आहे हेच न कळणं. आमच्या घरात यासाठी साधा शब्द होता, हट्टीपणा. त्यामुळे सुरुवातीला कुणाला फारसा फरक जाणवला नाही.

झालं ते असं. मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून शर्ट घातला आणि चहाला बाहेर आलो. सुलभा माझ्याकडे बघतच राहिली. शर्टाची उजवी बाही अंगात होती, डावी नुसती लोंबत होती.

"अहो, जरा हसून दाखवा," ती म्हणाली.

"सकाळी सकाळी? कशाला?"

"हसा म्हणते ना!"

मी हसलो. चपला माझ्या पायात तिनेच घातल्या आणि रिक्षात बसवलं. चहा राहिलाय, असं मी तीनदा सांगितलं म्हणे. दीड तासाच्या आत सीटी स्कॅन झाला आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन मिळालं. त्याला थ्रॉम्बोलिसिस म्हणतात आणि ते पहिल्या काही तासांतच देता येतं. म्हणून हात जोडून सांगतो, तोंड वाकडं दिसलं, जीभ जड झाली, एक हात ऐकेनासा झाला तर चहा पीत बसू नका. मी पीत बसलो असतो.

एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागाला रक्त पुरवणारी एक शाखा बंद झालेली दिसली. उजवा मेंदू शरीराची डावी बाजू सांभाळतो. डावा हात चौथ्या दिवशी हलायला लागला, सहाव्या दिवशी मी वॉकर धरून कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेलो. सगळे खूश होते. मीही होतो. माझी तक्रार फक्त जेवणाबद्दल होती.

सुलभा घरून डबा आणायची आणि व्यवस्थित ताट वाढायची. तिच्या माहेरची शिस्त आहे, हॉस्पिटल असो की मांडव, ताटाची डावी बाजू डावी आणि उजवी ती उजवी. मी रोज म्हणायचो, "आजही कोशिंबीर नाही? चटणी नाही, लिंबू नाही. हॉस्पिटलात आलो म्हणून काय झालं?" दोन दिवस तिला वाटलं, मी कुरकुर करतोय. तिसऱ्या दिवशी तिने ताट अर्धं फिरवलं.

"हां," मी म्हणालो, "आज आणलीस खरी कोशिंबीर. पण भाजी कुठाय?"

आता सांगताना मी हसतो. तेव्हा ती बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बसली होती, हे मला नंतर कळलं.

नऊ दिवसांनी सदाशिव पेठेतल्या आमच्या फ्लॅटवर परत आलो. डिस्चार्ज देताना डॉक्टरबाईंनी बजावलं, "घराबाहेर एकटं जायचं नाही. रस्ता तर अजिबात ओलांडायचा नाही. डावीकडून आलेली गाडी तुमच्यासाठी आलेलीच नसेल."

पन्नास वर्षं या पेठांतून पायी फिरलेल्या माणसाला असं सांगणं म्हणजे काय, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. मी घरात येरझाऱ्या घालायचो. डावा खांदा दर वेळी बेडरूमच्या चौकटीवर आपटायचा. ही चौकट सुताराने अरुंद केली आहे असं माझं ठाम मत झालं. चोवीस वर्षांपूर्वी ते माप मीच दिलं होतं. मी अर्धीच दाढी करायचो. पेपरातल्या बातम्या मधूनच सुरू व्हायच्या, तेव्हा हल्लीच्या पत्रकारांना लिहिता येत नाही असं म्हणून पेपर बाजूला टाकायचो.

आठवड्यातून तीनदा मृणाल यायची. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारामुळे सुटलेली रोजची कामं पुन्हा करायला शिकवणं हे तिचं काम. ती कागदभर छापलेल्या चांदण्या खोडायला द्यायची. मी उजवीकडच्या खोडायचो आणि कागद परत द्यायचो. "काका, अजून आहेत," ती म्हणायची. मी म्हणायचो, "बालवाडीचा अभ्यास झाला असेल तर तू चहा घे आणि जा." ती चहा घ्यायची. जायची मात्र नाही.

खरं सांगतो, मी आतून घाबरलेलो होतो. आजाराला नाही, कारण आजार आहे हेच मला मान्य नव्हतं. मला भीती होती ती अशी की, हे सगळे मिळून मला निकामी ठरवणार. एकदा माणसाला खुर्चीत बसवलं की त्याला कुणी काही विचारत नाही. आमच्या ऑफिसात निवृत्त झालेल्या किती जणांचं तसं झालेलं मी पाहिलं होतं. मला कुणी मोजायला काही देणार आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता.

ते दिलं ऋचाने. ऋचा म्हणजे माझी सून. अमरावतीची, आयटीतली, हसली की खालच्या मजल्यावर कळावं असा आवाज. मुलगा ऑफिसच्या कामासाठी सहा महिने जपानला गेलेला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण तिचं माझं बोलणं बेताचंच. मी मुळात कमी बोलतो, आणि बोललो तर समोरच्याला वाटतं, नसतो बोललो तर बरं झालं असतं.

एका दुपारी ऑफिसचं काम आटोपून ती डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. कपाळाला हात लावून म्हणाली, "हा शांताराम काही खूश होऊनच नाही राहिला."

"कोण शांताराम?"

"अस्वल आहे, बाबा."

मी उठून बघायला गेलो. प्राणिसंग्रहालय उभारायचा गेम होता तो. मोकळी जमीन मिळते, तीवर रस्ते, झाडं, कुंपणं आपण घालायची, प्राणी आणायचे, मग बघायला लोक येतात. प्राण्याला जागा पुरेशी नसेल तर तो नाराज होतो, येरझाऱ्या घालतो, खाणं सोडतो. पडद्यावर एक काळंभोर अस्वल कुंपणाच्या कडेने खरोखरच येरझाऱ्या घालत होतं. मला त्याच्याबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

"नियम काय आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, एका अस्वलाला किमान किती चौरस मीटर? दोन झाली तर किती वाढवायची? काहीतरी नियमावली असेल की नाही?"

तिने एक तक्ता उघडून दाखवला. मी खुर्ची ओढली. सुलभाला माझे जुने ग्राफ पेपर काढायला सांगितले. सुलभाने ते कपाटातून ज्या वेगाने आणून दिले, त्यावरून तिला काय वाटलं असेल ते मला कळायला हवं होतं.

नियम मला फारच आवडले. तळं कितीही मोठं करा, ते जमिनीच्या क्षेत्रफळात धरत नाहीत. चढता न येणारे खडक धरत नाहीत. दाट झाडोरा धरत नाहीत. प्राण्याला प्रत्यक्ष पाय ठेवता येईल तेवढीच जागा मोजायची.

"म्हणजे कार्पेट एरिया!" मी म्हणालो. "जिना, गच्ची, पार्किंग काही धरत नाहीत. हा गेम लिहिणारा माणूस पुण्यात बिल्डर असता तर मी त्याचा सत्कार केला असता."

ऋचा इतकी हसली की सुलभा स्वयंपाकघरातून बघायला आली.

मी तक्त्यातला आकडा वाचला, चारशे ऐंशी चौरस मीटर. चोवीस गुणिले वीस. दहा मिनिटांत आराखडा काढून दिला. ऋचाने माझ्या कागदाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं तसं कुंपण घातलं. शांताराम आणखी नाराज झाला.

"तुझ्या अस्वलाला पुण्यात राहायची सवय नाही," मी म्हणालो. "आम्ही दोन खोल्यांत सात माणसं राहिलो, कुणी खाणं सोडलं नाही."

तक्त्यात एक हजार चारशे ऐंशी लिहिलं होतं. डावीकडचा एक मला नव्हताच.

ऋचाने ते मला सांगितलं नाही. तिने पुढचे चार-पाच दिवस मला गेंड्याची, पाणघोड्याची, हरणांची गणितं घातली आणि माझे कागद जपून ठेवले. मग ते मृणालला दाखवले. प्रत्येक आकड्याचा डावीकडचा अंक गेलेला, प्रत्येक आराखडा कागदाच्या उजव्या बाजूला चिकटलेला, आणि त्या चुकीच्या आकड्यांवर केलेला गुणाकार मात्र एकूण एक बरोबर. "त्यांचं गणित शाबूत आहे," मृणाल तिला म्हणाली. "ते सांगून पटणार नाहीत. त्यांचं त्यांना सापडू दे." हे सगळं स्वयंपाकघरात चाललं होतं. मला वाटायचं, भाजीबद्दल बोलताहेत.

रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. ऋचा म्हणाली, "बाबा, आज कुंपण तुम्हीच घाला. माउस घ्या. शांतारामाचं नवं घर पूर्ण तुमच्या हातचं." मोठं मैदान तिने आखून ठेवलं होतं.

उजव्या हाताला काही झालेलं नव्हतं. मी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, उजव्या कडेने खाली आलो, तळाची बाजू घातली, वरची घातली. रेषा कशा, ओळंब्यात. माउस ठेवला आणि म्हटलं, "झालं."

"नक्की झालं?"

"ऋचा, मी अडतीस वर्षं हेच करतोय."

"ठीक आहे. मग मी अस्वल सोडते."

शांताराम आत आला. नाक वर करून त्याने वास घेतला, एका ओंडक्याला पाठ घासली आणि रमतगमत निघाला. आणि नाहीसा झाला.

"अस्वल कुठे गेलं?"

ऋचाने लॅपटॉप माझ्याकडे थोडा सरकवला.

"गेम बिघडला तुझा. अस्वल होतं ना इथे आत्ता!"

तेवढ्यात लॅपटॉपमधून किंकाळ्या ऐकू यायला लागल्या. प्राणी बघायला आलेल्या गेममधल्या चौकोनी बायका, चौकोनी पुरुष कुठूनतरी पडद्यावर उगवले आणि उजवीकडे धावत सुटले. कुठून उगवत होते, कळेना. भिंतीतून यावेत तसे येत होते. माणसं एका दिशेने धावताहेत म्हणजे त्यांच्या मागे काहीतरी आहे, हे मला कळत होतं. पण त्यांच्या मागे काही नव्हतंच. जागाच नव्हती.

ऋचाने एक बटण दाबलं. सगळं मैदान सावकाश अर्धं फिरलं.

उजवीकडे, माझ्या डोळ्यांसमोर, एक अख्खी बाजू उघडी होती. कुंपण नव्हतंच. बाहेर, आइस्क्रीमच्या गाडीशी, शांताराम निवांत बसला होता.

"परत फिरव," मी म्हणालो.

तिने फिरवलं. उघडी बाजू गेली. अस्वल गेलं.

"परत."

आली. मी तिला सात-आठ वेळा तरी फिरवायला लावलं असेल. ती न कंटाळता फिरवत राहिली. कुणीतरी लबाडी करतंय असं मला शेवटपर्यंत वाटत होतं, पण रेषा माझी होती. दुसऱ्या कुणाची ती चूक असूच शकत नव्हती. डॉक्टरबाईंचं मी मानलं नाही, मृणालचं मानलं नाही, बायकोचं तर पस्तीस वर्षांत मानलेलं नाही. माझ्या हातच्या रेषेला कसं नाही म्हणणार?

"किती दिवस?" मी विचारलं. "किती दिवस हे असं आहे?"

तेव्हा माझ्या डाव्या खांद्यावर हात पडला आणि मी दचकलो. सुलभा होती. कुंपण घालायला घेतलं तेव्हापासून ती तिथेच उभी होती. मला ती स्वयंपाकघरात आहे असं वाटत होतं.

मी रडलो. सासरे सुनेसमोर रडत नाहीत आमच्याकडे, पण मी रडलो, आणि तिने तोंड फिरवलं नाही. "बाबा, तुमचा गुणाकार एकही नाही चुकला," ती म्हणाली. "फक्त मोजायची सुरुवात चुकून राहिली आहे." इतक्या सरळ शब्दांत मला माझा आजार कुणीच सांगितला नव्हता. त्या दिवसापासून तिच्या वऱ्हाडी बोलण्याला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत.

कळणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, हे मात्र ध्यानात ठेवा. मृणालने लाल रंगाची रुंद चिकटपट्टी आणली आणि लॅपटॉपच्या डाव्या कडेला, टेबलाच्या डाव्या कडेला, ताटाला, दाराच्या चौकटीला, कागदाच्या डाव्या समासात चिकटवली. नियम एकच, लाल दिसेपर्यंत मान वळवायची. लाल दिसल्याशिवाय काही वाचायचं नाही, मोजायचं नाही, जेवायचं नाही. याला व्हिज्युअल स्कॅनिंग म्हणतात. म्हणजे नजरेला डावीकडे जायची सवय लावणं. मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचे भाग काम शिकतात, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. शेजाऱ्यांनी मनावर घेतलं तर.

दुसरी सूचना घरच्यांसाठी होती. मला सोयीचं म्हणून सगळे माझ्या उजवीकडे बसायचे, ते बंद करायचं. यापुढे बोलायचं ते डावीकडून, पाणी द्यायचं ते डावीकडून. सुलभाने त्याच दिवशी आपली खुर्ची माझ्या डाव्या हाताला हलवली.

मग चार-पाच दिवसांनी मी ऋचाजवळ मन मोकळं केलं. म्हटलं, "तुझी सासू हल्ली माझ्याजवळ बसत नाही. कंटाळली असेल. तिचाही काय दोष, मी आयुष्यभर तिला दोन गोड शब्द बोललो नाही. बाई मात्र लाखात एक आहे."

ऋचाला हसू आवरेना. मी लाल पट्टीपर्यंत मान वळवली. सुलभा मटार सोलत बसली होती.

"बोला, बोला," ती म्हणाली. "पस्तीस वर्षं थांबलेय मी."

त्यानंतरचे दोन महिने मी प्राण्यांची घरं बांधली. सकाळी व्यायाम, दुपारी संग्रहालय. पाणघोड्याला तळं किती आणि किनारा किती, लांडग्यांच्या कळपाला एकेका लांडग्यामागे किती वाढवायचं, सगळं ग्राफ पेपरवर. आकडा वाचायचा तो लाल समासापासून. कुंपण घालायचं तर पहिला खांब डाव्या कोपऱ्यात, आणि चारही कोपऱ्यांना बोट लावून मोठ्याने "एक, दोन, तीन, चार" म्हटल्याशिवाय प्राणी सोडायचा नाही. चार म्हणायच्या आधी बोट थांबलं की समजायचं, एक बाजू उघडी राहिली. काही दिवस बोट तीनवरच थांबायचं. एकदा ताप आला, त्या आठवड्यात सगळं शिकलेलं गेलं आणि मी पेन्सिल भिंतीवर फेकून मारली. ऋचाने ती उचलून टोक केलं आणि परत दिली. शांतारामाला आता दोन हजार चौरस मीटर आहेत. आमच्या अख्ख्या सोसायटीला तेवढी जागा नसेल.

मी मृणालला विचारलं, "बाहेर कधी?"

ती म्हणाली, "लाल पट्टी काढून टाकते. मदत न घेता सलग दहा कुंपणं घाला. एकही उघडं राहता कामा नये. मग रस्त्याचं बघू."

नऊ बरोबर आली. दहावं हरणांचं होतं. मी घाई केली. हरणं एकामागून एक निघून गेली, आणि या खेपेला ती कुठे गेली हे मला लगेच कळलं, एवढीच प्रगती. मृणाल म्हणाली, "पुन्हा एकपासून." मी तिला चहा दिला आणि पुन्हा एकपासून सुरू केलं. त्याला अकरा दिवस लागले. अकराव्या दिवशी दहाच्या दहा बंद होती. मृणालने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "काका, चप्पल घाला."

योगायोगाने ग्राफ पेपर संपलेच होते. ऋचा ऑनलाइन मागवणार होती. मी म्हटलं, मी आणतो. बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानांच्या रांगेत माझं नेहमीचं स्टेशनरीचं दुकान आहे. मृणालने हिशेब केला, वाटेत मोठा रस्ता एकच, तोही एकेरी. गाड्या उजवीकडूनच येणार. पहिल्या दिवसाला याहून सोपा रस्ता मिळणार नाही. अट अशी की मी पुढे एकटा चालायचं, आणि त्या तिघी वीस पावलं मागून येणार. कुणी आवाज द्यायचा नाही.

तीन महिन्यांनी मी पेठेत एकटा चालत होतो. फुटपाथवर उभ्या असलेल्या स्कूटर, क्लासला निघालेली पोरं, दुकानांच्या पाट्या, सगळं मी डावीकडून उजवीकडे वाचत गेलो. हाताशी भिंत नव्हती, लाल पट्टी नव्हती. मागे वळून बघावंसं वाटत होतं, पण बघितलं नाही.

रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. उजवीकडे सिग्नल पडला, गाड्या थांबल्या. समोर मोकळा रस्ता. लोक उतरायला लागले. मीही एक पाय खाली टाकला. एकेरी रस्ता, डावीकडे बघायचं काही कारण नव्हतं. मी मान वळवली. वळवली, आणि आणखी वळवली, खांद्यापर्यंत.

एक स्कूटर उलट्या दिशेने, कडेकडेने, भरधाव येत होती. मी पाय मागे घेतला. ती माझ्या पोटापासून वीतभर अंतरावरून गेली, पुढे जाऊन करकचून थांबली, आणि स्वार मागे वळून माझ्यावरच खेकसला, "ओ काका! दिसत नाही का?"

मागे सुलभाची किंकाळी ऐकू आली. रस्त्यावरचे लोक थांबले. मी त्याच्याकडे बघितलं. हेल्मेट नसलेला, डाव्या हँडलला दुधाची पिशवी लटकवलेला, पार डावीकडून आलेला तो अख्खा माणूस मी नीट बघून घेतला. आयुष्यात मी कुणावर इतक्या आनंदाने ओरडलो नसेन.

"दिसलास!" मी म्हणालो. "अरे गाढवा, दिसलास म्हणून तर थांबलो!"